नऊ कोंबड्यांची सिस्टर दीदी

आमची घरमालकीण रागावलेली नसली म्हणजे झोपलेली असायची. झोपेतसुद्धा तिच्या कपाळावरची आठी मोडत नसे. मी खिडकीतून डोकावून खात्री करून घेतली आहे. डोकावणं हीच त्या वयातली माझी कर्तबगारी. बाकी मी सव्वीस वर्षांची होते, बी.ए. होते, आणि अकलेने पहिलं अंडंही न दिलेल्या तलंगीच्या मागे होते.

रायपूरच्या पुरानी बस्तीत, देवळाच्या मागच्या गल्लीत तिचं घर. पुढच्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने दिलेल्या. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई. नवरा उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये. दर आठवड्याला शिफ्ट बदलायची, त्यामुळे घरात तो एकतर झोपलेला किंवा निघालेला. आमचं दार गल्लीत उघडायचं. तिचं अंगण मागे. तिकडे जायला बोळातून वळसा घालावा लागे. ती जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. मूळची भंडाऱ्याकडची. लग्न केलं नव्हतं. काहून नाही केलं, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "ड्युटी लागली होती." गल्लीतले लोक तिला सिस्टर दीदी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो.

रिटायर होताना तिला शाल आणि नारळ मिळाला. ते दोन्ही तिने तिथल्या तिथे झाडूवालीला दिले आणि भंगारात निघालेली एक लोखंडी खाट मागून घेतली. अंगणात ती खाट टाकली, चारी बाजूंनी जाळी मारली, की झालं खुराडं. वर ही बसायची, खाली कोंबड्या. नऊ कोंबड्या, एक कोंबडा. नावं नव्हती, नंबर होते.

"बेड नंबर चार आज चारा घेऊन नाही राहिली," असं ती मला सकाळी सांगायची, जणू मी रात्रपाळीवरून आलेली दुसरी नर्स आहे आणि हलगर्जीपणा माझाच आहे.

रोज सकाळी राउंड. एकेकीला उचलायची, पोटाखाली हात घालायची, तुरा लाल आहे की फिका पडलाय ते पाहायची, विष्ठा काडीने उकलून बघायची. मग कनकी टाकायची, म्हणजे तांदळाची कणी, आणि भाजीचे देठ. कोंबडा फार ओरडायला लागला तर त्याला पायाने बाजूला सारायची. "चल निघ. भेटायची वेळ संपली."

पिल्लांना मानमोडीची लस ती स्वतः द्यायची, डोळ्यात एकेक थेंब. एकदा पिल्लू धरायला मला बोलावलं. मी पिल्लू धरलं आणि भीतीने माझेच डोळे घट्ट मिटले. पिल्लू निसटलं. थेंब माझ्या मनगटावर पडला. मला वाटलं आता ती हसेल. ती कुठली हसते!

"चला, आता तुले नाही होणार मानमोडी," ती म्हणाली. "पण त्या पिल्लाचं काय?"

मी तिच्या तावडीत सापडले ती नळावर. मला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा राहिलं नव्हतं. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, म्हणजे गल्लीत सगळ्यांना माहीत होती. मी बादली उचलली, चक्कर आली, बादली खाली ठेवली. तिने येऊन माझी हनुवटी धरली आणि खालची पापणी ओढली, बेड नंबर चारची ओढायची तशीच.

"रक्त आहे का ताकाचं पाणी? जेवते कधी तू?"

"यांचं झालं, आईंचं झालं, की मग."

"अन् उरते काय?"

"असतं की काहीतरी."

"उद्या तीन वाजता ये. मागून ये."

तीन वाजता गेले तर तिने उकडलेलं अंडं सोलून ताटलीत ठेवलेलं. आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा कोणी उच्चारत नसे. सासूबाई बाजारात अंड्यांच्या दुकानावरून जाताना नाकाला पदर लावायच्या. मी हुशारीने म्हटलं, "सिस्टर दीदी, मी हे यांच्या डब्यात दिलं तर? बाहेर खातात ते. बिचाऱ्यांचं अंगमेहनतीचं काम असतं."

तिने ताटली अशी आपटली की खाटेखालच्या नऊच्या नऊ जणी एकदम ओरडल्या.

"त्याले भूक लागली तर त्याले पाठव. त्याची पापणी मी वेगळी पाहीन. जन्मभर बायायच्या हातात गोळ्या दिल्या, दुधाच्या पुड्या दिल्या, फळं दिली. बाईच्या हातात दिलेलं बाईच्या पोटात कधी गेलं नाही. नवऱ्याच्या गेलं, पोट्ट्याच्या गेलं, देराच्या गेलं. आता मी हातात देतच नाही. बस. खा. माझ्यासमोर."

मी खाल्लं. रडत खाल्लं. तिने तोंड उघडायला लावून आत पाहिलं, मग चिमूटभर ओवा दिला. "चाव. वास जाईल. अन् ते रडणं घरी जाऊन रड, इथं जागा नाही."

तर अशी तिची अंडी. विकायची नाही, वाटायची नाही, कोणाच्या हातात द्यायची नाही. तिच्या पायरीवर बसायचं आणि खायचं. मी एकटीच नव्हते हे मला लवकरच कळलं, कारण डोकावण्याचा सराव होता. गल्लीतल्या सहा-सात जणी येत. प्रत्येकीची वेळ ठरलेली, एक गेल्यावरच दुसरी. सगळी घरं एकजात शुद्ध शाकाहारी, आणि सगळ्यांच्या सुना ओवा चघळत बोळातून घरी.

एकदा बेड नंबर सहा खुडूक बसली. खाली एक अंडं नाही, तरी रिकाम्या टोपलीत फुगून बसलेली. हात लावला तर चोच मारायची. सिस्टर दीदीने मला बोलावलं आणि शिकवायला लागल्यासारखी म्हणाली, "पाह. तुझी बहीण. खाली काही नाही, पण उठायचं नाव नाही. खात नाही, पीत नाही, अन् वाटते का मोठं काम करून राहिलो." मग तिला उचलून पोट थंड पाण्यात बुडवलं आणि कनकीपुढे सोडलं. "अन् अंडी असली ना, तरी कोंबडी दिवसातून एकदा उठते. उठते, खाते, हागते, अन् मग परत जाऊन बसते. पिल्लं निघतातच. तुम्हा बायायले कोंबडीएवढीही अक्कल नाही दिली देवानं."

मला फार अपमान वाटला. दोन दिवस मी गेले नाही, म्हणजे मी माझा निषेध नोंदवला. तिसऱ्या दिवशी भूक लागली आणि गेले. निषेध तिच्या लक्षातही आला नव्हता.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही तोवर शहराच्या दुसऱ्या भागात, तेलीबांध्याला राहायला आलो होतो, तिथून रिक्षा करून तेराव्याला गेले. माइकवर एकेक जण उठून बोलत होता. "बड़ी ममतामयी थीं। बहुत शांत स्वभाव।" शांत! माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी फेकला नाही एवढाच माझा संयम. तिचा राग कोणाला आठवत नव्हता, कारण तो आठवला तर कशाचा होता तेही आठवलं असतं. बोलणाऱ्यांत तेच वकीलसाहेब होते, ज्यांनी अर्ज लिहिला होता. आणि मी कोण मोठी? त्या अर्जावर माझी सही होती.

अर्जाचं सांगते. सांगायचं म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

आमचं शहर तेव्हा नवं नवं राजधानी झालं होतं. राजधानी झाल्याबरोबर गल्लीतल्या लोकांना कोंबड्यांचा वास यायला लागला. आधी कित्येक वर्षं आला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी वकीलसाहेब राहायचे, आमच्या दारासमोर त्यांचा ओटा. त्यांनी निगमाला, म्हणजे महापालिकेला, अर्ज लिहिला की देवळाच्या मागे एक बाई कोंबड्या पाळून अंड्यांचा धंदा करते, तरी त्या जप्त कराव्यात. आणि सह्या घेत घरोघरी फिरले.

आमच्याकडे आले तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या, मी मागे उभी.

"आप तो उन्हीं के किरायेदार हैं," वकीलसाहेब म्हणाले, "आपके साइन से वज़न पड़ेगा। नाम किसी को पता नहीं चलेगा।"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटात त्या वेळी, साडेतीन वाजता, सिस्टर दीदीचं अंडं होतं. नाही म्हटलं असतं तर लगेच प्रश्न आला असता, काहून? तुझं काय नातं आहे त्या कोंबड्यांशी? मी पेन घेतलं आणि सही केली. इंग्रजीत केली, खाली रेघ ओढून, शेवटच्या अक्षराला शेपटी काढून. कॉलेजात बसवलेली सही होती ती, कुठे वापरायला मिळत नव्हती. माझ्याखाली सासूबाईंनी मराठीत, एकेक अक्षर दाबून, आपलं नाव लिहिलं. वकीलसाहेब पुढच्या घरी गेले. त्या घरची सून पावणेतीनला यायची. तिनेही केली.

दुसऱ्या दिवशी मी तीन वाजता अंडं खायला गेले. हो, गेले! बसले, खाल्लं, तोंड उघडून दाखवलं. आजही त्या बाईला, म्हणजे मला, दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं. पण माझा गाल आता नातीचा आहे, ती रोज मुका घेते, म्हणून सोडून देते.

आठवड्याभराने निगमाचे एक साहेब आले. बरोबर दोन माणसं आणि तारेचा पिंजरा. दुपारची वेळ. वकीलसाहेब कागद घेऊन पुढे. बातमी लागताच अख्खी गल्ली तिच्या अंगणात. आम्ही सगळ्या जणीही गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? स्टोव्हवर पातेल्यात अंडी उकडत होती. त्या दिवशी सात होती.

साहेब माणूस वाईट नव्हता. चपला बाहेर काढून आला.

"अम्मा, दो-चार मुर्गी घर के लिए कोई भी पाल ले, हमको क्या करना है। लेकिन शिकायत है कि आप धंधा करती हैं।"

"एक अंडं विकलं नाही मी."

"नौ मुर्गी हैं। आप अकेली हैं। फिर इतने अंडे जाते कहाँ हैं?"

तिने नुसतं बोट फिरवायचं होतं. ही, ही, ही, आणि ती खांबामागची. आमच्यापैकी एकीने तोंड उघडलं असतं तरी संपलं होतं. विकत नाही, आम्हाला खायला घालते, एवढंच म्हणायचं होतं. मला आठवतं, मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगू नको, सांगू नको, सांगू नको. कोंबड्या वाचव असं नाही. सांगू नको.

तिने आमच्याकडे पाहिलंही नाही.

"मी खाते," ती म्हणाली.

"सात?"

"हव. सातही. भुक्कड आहो मी."

साहेब हसले. वकीलसाहेब हसले. मग तिने पातेलं उतरवलं, अंडी थंड पाण्यात टाकली, खाटेवर बसली आणि पहिलं सोललं. मीठ नाही, पाणी नाही. दोन घासांत संपवलं.

"लिही. एक."

"अम्मा, रहने दीजिए।"

"काहून रहने दू? तू विचारलं ना, जाते कुठं? पाह. लिही, दोन."

तिसऱ्याला तिचा चेहरा लाल झाला. ते खाताना ती चावत कमी आणि रागावत जास्त होती. सात अंडी, सात जणी, ज्या क्रमाने आम्ही दुपारी येत असू त्याच क्रमाने ती मोजत होती, हे फक्त आम्हालाच कळत होतं. चौथं माझं. तिने ते सोललं, माझ्या अंगात जायचं रक्त ते, आणि सगळ्या गल्लीसमोर तोंडात टाकलं. तिला ठसका लागला. पिवळा बलक ओठांवर आला. तरी हात पाचव्याकडे गेलाच.

"थांब वो."

गर्दीतून सासूबाई पुढे आल्या. माझ्या सासूबाई! बाजारात नाकाला पदर लावणाऱ्या. त्या सरळ जाऊन खाटेवर तिच्याशेजारी बसल्या. त्यांनी तिच्या हातातून ते अंडं काढून घेतलं.

"हात सरकव. हे माझं आहे."

आणि सोलून खाल्लं. सगळ्यांसमोर, सावकाश, चावून चावून. "मीठ देत जा वो," असंही म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "रोजची आहो मी. पैसा घेत नाही ही. गालीच देते फक्त. लिहा ते."

वकीलसाहेबांनी कागद पुढे केला. "माताजी, आपने तो खुद साइन किया है!"

"हव. केली. भेलो मी." भिण्याचा हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसं कोणी आपलं गाव सांगावं. "आण इकडं, खोडतो."

मला तेव्हा कुठे उलगडलं. सासूबाई सकाळी अकराला देवळात म्हणून जायच्या आणि परत आल्या की त्यांच्या तोंडाला ओव्याचा वास यायचा. मला वाटायचं, म्हातारपण आहे, वाताचा त्रास असेल. आणि मी त्यांच्यापासून काय जपत होते, तर ओव्याचाच वास! एका छताखाली दोघी जणी एकमेकींना भिऊन एकाच पायरीवर जाऊन खात होतो.

त्यांच्यामागून पावणेतीनवाली पुढे आली. मग आणखी एक. वकीलसाहेबांच्या बायको, ज्या सव्वादोनला यायच्या, त्या मात्र डोक्यावर पदर ओढून घरी पळाल्या. आणि मी? मी बोळातून धावत घरी गेले, गॅस बंद करायला. गॅस पेटलेलाच नव्हता.

साहेबांनी पिंजरा रिकामा परत नेला. कोंबड्या राहिल्या. मी दोन दिवस अंगणाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी तीन वाजता मागून हाक आली, "ए पोट्टे!" गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशी. गेले. पायरीवर ताटली नव्हती. ती खाटेवर बसून एका कोंबडीचा पंख उचलून पाहत होती.

मी म्हटलं, "सिस्टर दीदी, मी सही केली. चुकले."

"सहीचा राग नाही मले. सही तर सगळ्यायनंच केली. नोकरीत मीही कुठं कुठं सह्या केल्या, तुले काय सांगू." तिने कोंबडी खाली सोडली. आणि मग जो आवाज निघाला तो मी तिच्या तोंडून तोवर ऐकला नव्हता, इतका हळू होता. "मी तुझं अंडं खाऊन राहिलो होतो. तुझ्या डोळ्यादेखत. तुझ्या हिश्शाचं. अन् तू पाहत राहिली. कोंबडी असती तर चोच मारली असती मले. तुझी सासू साठीची आहे, तिनं ओढून घेतलं हातातलं. तू काहून नाही ओढलं?"

तो प्रश्न अजून माझ्या मागे आहे. परवा सून ओट्याशी उभी राहून करपलेली पोळी खात होती, सगळ्यांचं झाल्यावर, फोन पाहत. मी तिच्या हातातून ती पोळी घेऊन कचऱ्यात टाकली आणि इतकी ओरडले की शेजारच्या फ्लॅटमधून बेल वाजली. मुलगा म्हणाला, आई, बीपीची गोळी घेतली का? गोळी! त्या आवाजात कोण ओरडत होतं ते मला पक्कं माहीत होतं, पण कोणावर, ते सुनेला कसं सांगू?

सिस्टर दीदीने खाटेखाली हात घातला, एक अंडं काढलं, कच्चं, अजून कोमट, आणि जी गोष्ट तिने कधीच कोणासाठी केली नव्हती ती केली. ते माझ्या हातात दिलं.

"घरी ने. तुझ्या घरात उकड. तुझ्या ताटात खा. इथं लपून खायले यायचं नाही आता."

मी निघाले. तळहातावर अंडं, उघडं, सगळ्यांना दिसेल असं. छाती काढून. बोळ संपला, गल्ली आली. समोर ओट्यावर वकीलसाहेब पेपर वाचत बसलेले. त्यांनी पेपर खाली केला आणि माझा हात, मी न सांगता, आपोआप पदराखाली गेला.

घरात सासूबाई तांदूळ निवडत होत्या. गॅस पेटवून पाणी ठेवलेलं होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"पदरातून काढ ते. फुटन."

मी काढलं. पाण्यात सोडलं. मग मी दार लावायला वळले.

"राहू दे उघडं," त्या म्हणाल्या.